अपॉस्ट्रॉफीच्या कसोटीवर वर्ड: चिन्ह नेमकं काढतो, मालक ओळखत नाही

इंग्रजी मजकूर वर्डमध्ये टाइप करणाऱ्या अनेकांचा समज असतो की खाली लाल-निळी रेघ उमटली नाही म्हणजे लेखन शुद्ध. अपॉस्ट्रॉफीच्या बाबतीत हा समज महागात पडतो. अर्ज, बायोडेटा, लग्नपत्रिका, शाळेचं परिपत्रक, दुकानाची पाटी, सगळीकडे चुकीच्या जागी टांगलेला तो छोटा स्वल्पविराम वर्डच्या तपासणीतून सुखरूप निसटून छापखान्यापर्यंत पोचतो. म्हणून हे परीक्षण मायक्रोसॉफ्ट वर्डच्या विंडोजवरच्या नेहमीच्या आवृत्तीचं आणि फक्त या एका चिन्हापुरतं आहे. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि चिन्ह इंग्रजीत जिथे पडतं तिथेच दाखवलं आहे.

निकाल आधीच सांगतो. चिन्हाचा आकार देण्यात वर्ड उत्तम आहे, शब्दाच्या सुरुवातीची जागा सोडून. जोडरूपांत, म्हणजे डोन’ट, कान’ट अशा शब्दांत, तो भरवशाचा आहे. इट’स आणि इट्स यांच्यात तो बऱ्याचदा मदत करतो, पण हमी देता येत नाही. मालकी एकाची की अनेकांची, हे त्याला कळत नाही आणि कळणं शक्यही नाही.

आधी आकार. कीबोर्डवर एंटरच्या शेजारच्या कळीने उमटतं ते सरळ चिन्ह, उभ्या काडीसारखं. ते टाइपरायटरच्या काळातलं आहे. कळा कमी असत, म्हणून उघडणारं एकेरी अवतरण, बंद होणारं अवतरण आणि अपॉस्ट्रॉफी या तिघांना मिळून एकच कळ दिली गेली. छापील पुस्तकात मात्र अपॉस्ट्रॉफी वाकडी असते, नऊच्या इंग्रजी आकड्यासारखी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, सरळ चिन्हाचा क्रमांक ००२७ आणि वाकड्याचा २०१९. गोम अशी की २०१९ हाच क्रमांक बंद होणाऱ्या एकेरी अवतरणाचाही आहे. युनिकोडने अपॉस्ट्रॉफीसाठी तोच वापरावा असं सांगितलेलं आहे. दोन कामं आणि एक चिन्ह, त्यामुळे यंत्राला अंदाज बांधावा लागतो. वर्डचा अंदाज साधा आहे: चिन्हाआधी अक्षर असेल तर बंद होणारं, जागा मोकळी असेल तर उघडणारं. शब्दाच्या मध्ये आणि शेवटी हा अंदाज बरोबर ठरतो. डिसूझा, डिमेलो, डिसिल्वा ही गोव्यातली आणि वसईतली आडनावं इंग्रजीत डी’सूझा अशी चिन्हासह लिहितात. तिथे चिन्हाआधी डी असल्यामुळे वर्ड ते बिनचूक वाकवतो.

हे आपोआप होत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जा. उघडलेल्या चौकटीत ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ हा टॅब निवडा आणि स्ट्रेट कोट्सच्या जागी स्मार्ट कोट्स आणणाऱ्या ओळीवर खूण करा. याच चौकटीत नुसता ‘ऑटोफॉरमॅट’ नावाचा आणखी एक टॅब आहे आणि त्यातही अगदी हीच ओळ आहे. तिथे खूण केली तर टाइप करताना काहीच बदलत नाही, कारण तो टॅब संपूर्ण दस्तऐवज नंतर एकदम सजवण्याच्या आज्ञेसाठी आहे. ‘खूण केली तरी चिन्ह सरळच येतं’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

आपल्याकडच्या डीटीपीच्या संगणकांवर ही खूण अनेकदा मुद्दाम काढलेली असते आणि त्याला रास्त कारण आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी कळांवरच देवनागरी अक्षरं बसवलेली असत, अपॉस्ट्रॉफीच्या कळीवरसुद्धा. वर्डने चिन्ह वाकवलं की त्याचा क्रमांक बदलतो आणि हव्या त्या अक्षराऐवजी भलतंच अक्षर उमटतं. जुने फॉन्ट वापरताना खूण काढणं बरोबरच आहे. पण त्याच संगणकावर इंग्रजी पत्रिका करायला घेतली की ती परत लावायची राहते आणि सुंदर वळणाच्या फॉन्टमध्ये काडीसारखी सरळ चिन्हं छापली जातात.

शब्दाच्या सुरुवातीला चिन्ह आलं की वर्ड चुकतो. शतकाचे आकडे गाळून नव्वदचं दशक लिहायचं असेल तर ’९०एस मध्ये चिन्ह गाळलेल्या १९ ची जागा दाखवतं, म्हणून ते नऊसारखं हवं. चिन्हाआधी मोकळी जागा दिसल्यामुळे वर्ड तिथे सहासारखं, उघडणारं अवतरण ठेवतो. देम या शब्दाचं बोलीतलं ’एम, जुन्या इंग्रजीतलं ’टिझ, रॉक ’न’ रोल, सगळीकडे हीच चूक होते. मराठीतही हेच घडतं. ’७२चा दुष्काळ किंवा ’६१ सालचा पानशेतचा पूर असं आपण सर्रास लिहितो आणि तिथेही वर्ड उलटं चिन्ह देतो. छापील मजकुरात हे चिन्ह उलटं असेल तर तो यंत्रावर सोडून दिलेला आहे हे जाणत्या वाचकाला लगेच कळतं.

उपाय तीन-चार आहेत. कंट्रोल दाबून धरून अपॉस्ट्रॉफीची कळ एकदा, मग कंट्रोल सोडून तीच कळ पुन्हा दाबली की बंद होणारं चिन्ह थेट येतं. वर्डमध्ये लिहिणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट बोटांना लावून घ्यावी, बाकीची वाट पाठ नसली तरी चालेल. नंबरपॅड असेल तर ऑल्ट धरून ०१४६. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर २०१९ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स (दोन्ही आकडे इंग्रजी कळांनीच). यात एक खड्डा आहे: २०१९ च्या आधी मोकळी जागा हवी. मागे चिकटून एखादा आकडा किंवा ए ते एफपैकी अक्षर असलं तर वर्ड त्यालाही क्रमांकाचा भाग समजतो. काहीच आठवलं नाही तर चिन्ह दोनदा टाइप करा. पहिलं उघडणारं, दुसरं बंद होणारं येईल, मग पहिलं पुसा. मॅकवर ऑप्शन, शिफ्ट आणि बंद होणारा चौकोनी कंस या तीन कळा एकत्र दाबायच्या.

दुसरीकडून आणलेल्या मजकुरात सरळ आणि वाकडी चिन्हं मिसळलेली असतात. ती एकसारखी करायला फाइंड अँड रिप्लेसच्या दोन्ही चौकटींत साधं चिन्ह टाइप करा आणि रिप्लेस ऑल दाबा. स्मार्ट कोट्सची खूण लावलेली असेल तर सगळी वाकडी होतात, काढलेली असेल तर सगळी सरळ. मात्र यानंतर शब्दांच्या सुरुवातीची चिन्हं पुन्हा उलटी होतात, म्हणून ’९०एस वगैरे दुरुस्त्या या कामानंतर करायच्या, आधी नाही. त्या शोधायला फाइंडच्या चौकटीत टोपीचं चिन्ह ^ आणि त्यापुढे ०१४५ टाकलं की उघडणारी एकेरी चिन्हं एकेक करून सापडतात.

काही ठिकाणी सरळ चिन्हच हवं. प्रोग्रॅमचा कोड आणि एक्सेलची सूत्रं वाकड्या चिन्हाने बंद पडतात. फूट-इंचांसाठी वाकडं चिन्ह चूकच आहे. तिथे उमटल्याबरोबर कंट्रोल-झेड एकदा दाबलं की फक्त वाकवणं रद्द होतं आणि सरळ चिन्ह राहतं. एसएमएसचा हिशेब तर थेट पैशांचा आहे. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्या अक्षरसंचात सरळ चिन्ह आहे, वाकडं नाही. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात एकच वाकडी अपॉस्ट्रॉफी असली तरी सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. म्हणजे १५० अक्षरांचा, एका संदेशात बसणारा मजकूर तीन तुकड्यांत जातो. शाळा आणि क्लासेस पालकांना घाऊक एसएमएस पाठवतात, त्यांनी हे जरूर तपासावं.

आडनावांच्या याद्यांत आणखी एक त्रास होतो. वर्डमधल्या यादीत डी’सूझा वाकड्या चिन्हाने आलेलं असतं आणि एक्सेलमध्ये कोणी सरळ चिन्हाने टाइप करतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण याद्या जुळवणाऱ्या व्हीलूकअप सूत्राला ती दोन वेगळी माणसं. एक्सेलच्या कोड या सूत्राने त्या चिन्हाचा आकडा काढून पाहा: सरळ असेल तर ३९, वाकडं असेल तर विंडोजवर १४६. मग सब्स्टिट्यूटने एकाच्या जागी दुसरं घाला. आणि वर्डमधून संकेतस्थळावर चढवलेल्या मजकुरात अपॉस्ट्रॉफीच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला ए, त्यापुढे युरोचं चिन्ह आणि ट्रेडमार्कचं चिन्ह दिसलं, तर मजकूर युटीएफ-८ मध्ये साठवलेला आहे आणि तो विंडोजच्या जुन्या संकेतप्रणालीने वाचला जातोय. चिन्हं एकेक करून बदलत बसू नका, पानाची संकेतप्रणाली युटीएफ-८ करा.

आता जोडरूपं. चिन्ह न देता डोन्ट किंवा डझन्ट टाइप केलं तर वर्ड स्वतःच ते घालून देतो. ती यादी ऑटोकरेक्टच्या टॅबमध्ये पाहता येते आणि वाढवताही येते. चिन्ह चुकीच्या जागी पडलं, म्हणजे एन आणि टीच्या मध्ये येण्याऐवजी एनच्या आधी आलं, तर लाल रेघ येते. लक्षात ठेवायचं इतकंच की चिन्ह अक्षर जिथून गाळलं तिथे बसतं. डू नॉटमधला ओ गेला, म्हणून एन आणि टीच्या मध्ये.

अडचण आहे ती चिन्ह काढल्यावरही खरा शब्द उरतो तिथे. वी’ल मधून चिन्ह गेलं की वेल उरतो, म्हणजे विहीर किंवा बरं. वी’र मधून वेअर, शी’ल मधून शेल, आय’ल मधून इल. हे सगळे शब्दकोशातले शब्द, त्यामुळे लाल रेघ येणार नाही. इथे वाक्य समजून निळी रेघ द्यावी लागते. ती कधी येते, कधी नाही.

आणि दोन सेटिंग्ज अशा आहेत की त्यांच्यामुळे साधी चूकही निसटते. प्रूफिंगच्या पानावर ‘कॅपिटल अक्षरांतले शब्द वगळा’ आणि ‘आकडे असलेले शब्द वगळा’ अशा अर्थाच्या दोन ओळी आहेत आणि दोन्हींवर मुळातच खूण असते. पाट्या, फलक, पत्रिकेचं शीर्षक हे सगळं कॅपिटलमध्येच टाइप होतं. तिथे विमेन’स डे मधलं चिन्ह गाळलं गेलं तरी वर्ड गप्प राहतो. म्हणजे अक्षरं जितकी मोठी, तितकी तपासणी कमी. पहिली खूण आजच काढा. मग संक्षिप्त रूपांखाली काही अनावश्यक लाल रेघा येतील. त्या परवडल्या.

इट’स आणि इट्सकडे येऊ. मराठी माणूस इथे का चुकतो याचं कारण शाळेतल्या समीकरणात आहे. ‘अपॉस्ट्रॉफी एस म्हणजे चा, ची, चे’ असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. रामाचं पुस्तक, राम’स बुक. मग ‘त्याचा रंग’ लिहिताना त्या ‘चा’साठी हात आपोआप चिन्हाकडे जातो आणि इट’स कलर होतं. समीकरण नामांपुरतं खरं आहे. सर्वनामांची मालकीरूपं आधीपासून तयार आहेत: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, इट्स, हूज. यांपैकी एकालाही चिन्ह लागत नाही. हिजमध्ये कोणी चिन्ह घालत नाही, इट्स त्याच घरातलं आहे. चिन्हासह इट’स म्हणजे फक्त ‘ते आहे’ किंवा ‘ते झालं आहे’. कसोटी अशी: तिथे इट इझ किंवा इट हॅज पूर्ण उच्चारून पाहा. वाक्य उभं राहिलं तर चिन्ह, कोसळलं तर नाही. हू’स आणि हूज, यू’र आणि युअर, दे’र आणि देअर यांनाही हीच कसोटी लावायची.

वर्ड या जोड्या ओळखायचा प्रयत्न करतो. व्याकरणाच्या सेटिंग्जमध्ये गोंधळाच्या शब्दांसाठी आणि मालकी व अनेकवचनासाठी वेगळ्या ओळी आहेत, त्यांवर खूण असू द्या. छोट्या, सरळ वाक्यांत निळी दुहेरी रेघ येते. लांब वाक्यात किंवा मथळ्यासारख्या क्रियापद नसलेल्या तुकड्यात ती येईलच असं नाही.

आता मालकीचं चिन्ह. मला वर्डपेक्षा आपली मराठी इथे जास्त विश्वासार्ह वाटते. टीचर’स आणि टीचर्स’ ही दोन्ही रूपं शुद्ध आहेत. पहिल्यात एक शिक्षक, दुसऱ्यात अनेक. लिहिणाऱ्याच्या मनात किती शिक्षक आहेत हे वर्डला कुठून कळणार? तो दोन्ही मुकाट्याने सोडतो. पण मराठीत हा फरक आपण रोज, विचार न करता, एका टिंबाने करतो: शिक्षकाचा आणि शिक्षकांचा. मुलीची आणि मुलींची. ग्राहकाच्या आणि ग्राहकांच्या. म्हणून मजकूर आधी मनात मराठीत म्हणा. अनुस्वार नसेल तर चिन्ह एसच्या आधी. अनुस्वार असेल तर अनेकवचनाचा एस आधी लिहा आणि चिन्ह त्यानंतर. पाच सप्टेंबरचा दिवस शिक्षकांचा, म्हणून टीचर्स’ डे. मुलींचं वसतिगृह, म्हणून गर्ल्स’ हॉस्टेल.

अनेकवचन करताना एस लागलेलाच नसेल तर चिन्ह पुन्हा एसच्या आधी येतं. चौदा नोव्हेंबर मुलांचा दिवस, पण चिल्ड्रन हे अनेकवचन एसशिवाय झालेलं आहे, म्हणून चिल्ड्रन’स डे. महिलांचा दिवस, विमेन’स डे. इथे वर्ड उपयोगी पडतो: चिन्हाशिवाय चिल्ड्रन्स किंवा विमेन्स असे शब्द इंग्रजीत नाहीतच, त्यामुळे छोट्या अक्षरांत लाल रेघ हमखास येते.

अनुस्वाराची कसोटी एका ठिकाणी फसवते, तीही आपल्या सभ्यतेमुळे. आदरार्थी बोलताना आपण एका माणसालाही अनेकवचन देतो. टिळकांचं भाषण, वडिलांची गाडी, सरांचा तास. अनुस्वार आहे, पण माणूस एकच. इंग्रजीत हा आदर चिन्हाच्या जागेवरून दाखवत नाहीत, म्हणून टिळक’स स्पीच, फादर’स कार. नियम वापरताना अनुस्वार दिसला की एकदा विचारायचं: हे अनेक आहेत, की मान आहे?

काळाच्या मापांनाही हीच कसोटी अचूक लागते आणि बायोडेटांत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. एका आठवड्याची रजा म्हणजे अ वीक’स लीव्ह. दोन आठवड्यांची नोटीस म्हणजे टू वीक्स’ नोटिस. दहा वर्षांचा अनुभव म्हणजे टेन इयर्स’ एक्सपीरियन्स. चिन्ह टाळायचं असेल तर मध्ये ऑफ घाला, टेन इयर्स ऑफ एक्सपीरियन्स, तेही तितकंच शुद्ध. पदवी लिहिताना मास्टर’स डिग्री, बॅचलर’स डिग्री असं चिन्हासह, पण मास्टर ऑफ सायन्स, बॅचलर ऑफ आर्ट्स लिहिताना ना चिन्ह ना मास्टरपुढे एस. मास्टर्स ऑफ सायन्स हे रूप बायोडेटांत फार दिसतं आणि ते चूक आहे.

दोघांची मालकी असेल तर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. अमित आणि स्मिताचं घर, घर एकच, म्हणून अमित अँड स्मिता’स हाऊस. अमितचा आणि स्मिताचा फोन, फोन दोन, म्हणून दोघांनाही चिन्ह.

मालकी नसतानाही चिन्ह घालायची सवय मला सर्वांत जास्त खटकते. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही. फोटोज, इडलीज, सीडीज, एमएलएज, सगळे नुसत्या एसने होतात. एमएलए’स लिहिलं की अर्थ ‘आमदाराचा’ असा होतो आणि वाचक पुढे वस्तू शोधत बसतो. १९९०एस या दशकाला मध्ये चिन्ह नाही. आकडे असलेला शब्द म्हणून वर्डची शुद्धलेखन-तपासणी तो तसाही सोडून देते. पत्रिकेत जोशी कुटुंब निमंत्रण देत असेल तर द जोशीज, चिन्हाशिवाय. जोश्यांच्या घरी कार्यक्रम असेल तर ॲट द जोशीज’, चिन्ह शेवटी. आडनावं शब्दकोशात नसल्याने वर्ड बरोबर रूपाखालीही लाल रेघ देतो, आणि ती घालवण्यासाठी लोक उजवं बटण दाबून सुचवलेलं काहीतरी स्वीकारतात. आडनावाखालची लाल रेघ हा दोष समजू नका. एका अपवादाला मात्र चिन्ह लागतं: सुट्या छोट्या अक्षरांचं अनेकवचन, जसं पी’ज अँड क्यू’ज, कारण ए किंवा आयपुढे नुसता एस लावला की वेगळाच शब्द दिसतो.

व्यास, दास, श्रीनिवास अशा एसने संपणाऱ्या नावांबाबत इंग्रजीतच दोन पंथ आहेत. शिकागोची शैलीपुस्तिका चिन्ह आणि एस दोन्ही लावते, व्यास’स. असोसिएटेड प्रेसची वृत्तशैली विशेषनामाला फक्त चिन्ह लावते, व्यास’. वर्ड दोन्ही चालवून घेतो आणि एकाच लेखात दोन्ही आली तरी टोकत नाही. उच्चारात आपण व्यासेस म्हणतो, म्हणून मी पहिल्या बाजूचा. पण कोणतीही एक बाजू धरा आणि शेवटपर्यंत ठेवा.

संस्था आणि कंपन्यांच्या नावांत व्याकरण चालवू नये. मॅकडॉनल्ड’स आणि डॉमिनो’ज यांच्या नावात चिन्ह आहे, बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांच्या नावात नाही. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली आपलं चिन्ह काढून टाकलं. अमेरिकेत भौगोलिक नावांचं अधिकृत मंडळ १८९० पासून नकाशावरच्या नावांत मालकीचं चिन्ह टाळत आलं आहे. हार्पर्स फेरीला चिन्ह नाही, मार्था’ज व्हिनयार्डला मात्र खास अपवाद म्हणून आहे. अशी नावं अधिकृत लेटरहेडवरून जशीच्या तशी उचलायची आणि वर्डने रेघ मारली तर दुर्लक्ष करायचं.

मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरात एक वेगळी अडचण येते. परिच्छेदाची तपासणीची भाषा मराठी लागलेली असेल तर त्यातल्या इंग्रजीवर इंग्रजीचे नियम चालतच नाहीत, आणि पान स्वच्छ दिसतं. इंग्रजी भाग निवडा, रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, मग सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे इंग्लिश इंडिया निवडा आणि ‘शुद्धलेखन तपासू नका’ या अर्थाच्या चौकटीतली खूण काढा. दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये ही खूण लागलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी किंवा कायदेशीर पत्रात जोडरूपं नको असतील तर व्याकरणाच्या सेटिंग्जमध्ये फॉर्मॅलिटीच्या गटात कॉन्ट्रॅक्शन्सवर खूण करा. मग वर्ड प्रत्येक डोन’टजवळ थांबवेल.

तुलनेपुरतं: गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेसमध्ये स्मार्ट कोट्सची खूण मिळते आणि ’९०एसची अडचण तिथेही तशीच आहे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्डमध्ये स्मार्ट पंक्चुएशन बंद-चालू करता येतं आणि चिन्हाची कळ दाबून धरली की वाकडं-सरळ निवडता येतं. फोनच्या कीबोर्डचा मोठा दोष म्हणजे तो न विचारता शब्द बदलतो. बरोबर लिहिलेल्या इट्समध्ये चिन्ह घुसवतो, वेलचं वी’ल करतो. असे खरे शब्द वर्ड निदान स्वतः बदलत नाही, फार तर रेघ मारतो आणि निर्णय आपल्यावर सोडतो. म्हणून महत्त्वाचा इंग्रजी मजकूर फोनवर अंतिम करू नये.

वर्डमध्ये शेवटची तपासणी अशी करा. एफ-सेव्हन दाबून नेहमीची तपासणी संपवा. मग कंट्रोल-एफ दाबून शोधाच्या चौकटीत नुसतं अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह टाका. वर्ड सरळ आणि वाकडी दोन्ही चिन्हं दाखवतो, डावीकडे एकूण किती तेही कळतं. प्रत्येक ठिकाणी थांबून पाहा: अक्षर गाळलं आहे का, की मालक आहे? दोन्ही नसेल तर चिन्ह काढा. मालक असेल तर मराठीत म्हणून अनुस्वार तपासा. राहून गेलेली चिन्हं या शोधात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी एस आणि त्यापुढे एक मोकळी जागा असा दुसरा शोध घ्या आणि त्यातली फक्त दोन नामं शेजारी आलेली ठिकाणं वाचा. कॅपिटलमधली शीर्षकं मात्र कागदावर छापून, बोट ठेवून, अक्षर-अक्षर वाचा.